संकेतमाला, उपग्रहीय मार्गनिर्देशनातील

मार्गनिर्देशनासाठी सोडलेल्या कृत्रिम उपग्रहाकडून अखंडपणे प्रसारित होणाऱ्या, धन व ऋण अशा दोनच अवस्था असलेल्या अतिलघू स्पंदांच्या ठराविक व पुनःपुन्हा येणाऱ्या मालिकेस संकेतमाला असे म्हणतात. मालिकेतील प्रत्येक लहान स्पंदास येथे स्पंदिका म्हटले आहे. जमिनीवरील ग्राहीला ही मालिका अगोदरच ठाऊक असते. तो आपल्या अंतर्भागात तिची प्रत तयार करतो आणि उपग्रहाकडून आलेल्या मालिकेशी ती तंतोतंत जुळेपर्यंत पुढेमागे सरकवितो. ती किती सरकवावी लागली यावरून रेडिओ तरंगास लागलेला वेळ कळतो व त्या वेळास प्रकाशाच्या वेगाने गुणले असता उपग्रहाचे अंतर मिळते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की ग्राहीचे स्थान आणि त्याच्या घड्याळातील चूक ही दोन्ही गणिताने काढता येतात.

हे तत्त्व सोपे असले, तरी मालिका कोणती घ्यावयाची हा प्रश्न सोपा नाही. ती स्वतःच्या सरकविलेल्या प्रतीशी मुळीच जुळता कामा नये; एरव्ही ग्राही खोट्या जागी थांबेल. त्याच कंप्रतेवर बोलणाऱ्या इतर उपग्रहांच्या मालिकांशीही तिचे साम्य नसावे. शिवाय ती इतकी आखूड हवी की शोधण्यास वेळ लागू नये. या तीन अपेक्षा एकमेकींच्या विरोधी आहेत. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतील संकेतमालांचा इतिहास हा बव्हंशी या विरोधातून काढलेल्या तडजोडींचा इतिहास होय.

या तडजोडींचा सामान्य माणसाशी असलेला संबंध पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. भीमा नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या या तालुक्यांत जमिनीच्या मोजणीची परंपरा जुनी आहे. दौंडलगतच्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी महसुली मोजणी हाती घेतली, तीच पुढे मुंबई इलाख्यातील जमाबंदीचा नमुना ठरली व भीमथडी (आताचा दौंड) आणि शिरूर या तालुक्यांस लागू झाली. साधने साधी होती. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, काटकोन साधण्यासाठी शंकू आणि आकडे टिपण्यासाठी टिपणवही. साखळीचा वर्ग म्हणजे एक गुंठा व चाळीस गुंठ्यांचा एकर, हे कोष्टक आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे. साखळीचा एक आणा म्हणजे सु. ६३ सेंमी.; एवढ्या बारकाव्याने बांध नोंदला गेला होता. मात्र साखळी नदीपलीकडे टाकता येत नाही, आणि उभ्या उसातून पलीकडची खूण दिसत नसल्यामुळे पीक निघेपर्यंत मोजणी खोळंबते. उपग्रहीय मोजणीस दोन खुणांनी एकमेकींस पाहण्याची गरज नसते; वर आकाश मोकळे असले म्हणजे पुरते. बांधाच्या वादात हाताएवढ्या अंतरालाही किंमत असते. अशा ठिकाणी हजारो किलोमीटरांवरून येणाऱ्या, गोंगाटाहूनही क्षीण अशा लहरीवर विसंबावयाचे, तर तिच्यातील संकेतमाला कशी घडविली आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

स्पंदांवरून अंतर काढण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात रूढ झाली. ब्रिटनची ‘जी’ व अमेरिकेची ‘लोरान’ या जमिनीवरील पद्धतींत दोन केंद्रांकडून निघालेले स्पंद किती अंतराने पोहोचतात हे मोजले जाई [⟶ रडार]. एकेरी स्पंदाची अडचण अशी की तो आखूड ठेवला तर त्यात ऊर्जा थोडी मावते आणि लांबविला तर मोजमाप ढिले होते. यातून वाट निघाली ती लांब स्पंदाचे तुकडे पाडून त्यांना धन-ऋण खुणा देण्याची. आर. एच. बार्कर यांनी १९५३ मध्ये अशा काही मालिका दिल्या. त्यांत सर्वांत लांब मालिका १३ तुकड्यांची असून ती पूर्ण जुळली असता बेरीज १३ भरते, तर कोणत्याही चुकलेल्या जागी ती एकाहून मोठी होत नाही. यापेक्षा लांब अशी विषम लांबीची मालिका अस्तित्वातच नाही, हे १९६१ मध्ये सिद्ध झाले. निसर्गाने येथे हात आखडता घेतला आहे असे म्हणावे लागते, कारण तेरा तुकड्यांनी मिळणारा लाभ दूरच्या क्षीण लहरीसाठी फारच तोकडा पडतो.

१०० किलोहर्ट्‌झवर चालणाऱ्या ‘लोरान-सी’ या पद्धतीत आठ-आठ स्पंदांचे गट पाठवून त्यांच्या कलेस ठरावीक क्रमाने धन-ऋण बदल दिला जाई. सोळा स्पंदांत पुरा होणारा हा संकेत फार लहान असला, तरी मुख्य व दुय्यम केंद्र ओळखण्यास आणि आकाशातून परावर्तित होऊन उशिरा येणारी लहर वेगळी काढण्यास तो पुरे. भारतात या पद्धतीच्या दोन शृंखला उभारण्यात आल्या. त्यांपैकी मुंबई शृंखलेची केंद्रे गुजरातेत ध्रांगध्रा, वेरावळ व बिलिमोरा येथे होती.

उपग्रहांसाठी मात्र शेकडो-हजारो स्पंदिकांची मालिका हवी होती. ती मिळाली विस्थापन नोंदकापासून. नोंदक म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या काही कप्प्यांची रांग. प्रत्येक ठोक्यास आतील अंक एका घराने पुढे सरकतात, आणि ठरावीक कप्प्यांतील अंकांची बेरीज करून नवा अंक मागून भरला जातो. कप्पे नीट निवडले तर न कप्प्यांपासून २ च्या न व्या घातातून एक वजा केल्याएवढी लांब मालिका निघते. तीन कप्प्यांपासून सात स्पंदिकांची, दहा कप्प्यांपासून १,०२३ स्पंदिकांची. १९५० नंतरच्या दशकात सॉलोमन गोलोम यांनी या मालिकांचा पद्धतशीर अभ्यास केला. सात स्पंदिकांचे उदाहरण कागदावर करून पाहण्याजोगे आहे. मालिका + + + − − + − अशी घ्यावी आणि तिच्याखाली तीच एका घराने सरकवून − + + + − − + अशी लिहावी. वरखालच्या चिन्हांचे गुणाकार तीन ठिकाणी धन व चार ठिकाणी ऋण येतात; बेरीज −१. कितीही घरे सरकविली तरी बेरीज −१ च राहते आणि मालिका पूर्ण जुळली की ती एकदम ७ होते. १,०२३ स्पंदिकांच्या मालिकेत हाच सांधा −१ वरून १,०२३ वर उडी घेतो. गोंगाटात बुडालेली लहर हाती लागते ती या उडीमुळे.

या चमत्काराच्या मुळाशी असलेले गणित मार्गनिर्देशनासाठी जन्मास आलेले नव्हते. वरील मालिकेत ऋण चिन्हे चौथ्या, पाचव्या व सातव्या जागी आहेत. या तीन अंकांतील वजाबाक्या सातच्या चक्रात मांडल्या, तर १ ते ६ हे सर्व अंक प्रत्येकी एकदाच मिळतात. अशा अंकसंचास फरकसंच म्हणतात व त्यापासून सात वस्तूंचे सात गट असे पाडता येतात, की प्रत्येक गटात तीन वस्तू येतात आणि कोणत्याही दोन वस्तू नेमक्या एका गटात एकत्र असतात. शेतीविषयक प्रयोगांत कोणते बियाणे कोणत्या वाफ्यात लावावे हे ठरविण्यासाठी संख्याशास्त्रज्ञांनी अशा गटरचनांचा अभ्यास सुरू केला होता. भारतात या विषयाचा पाया राजचंद्र बोस यांनी घातला. त्यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७-२०२०) यांचे शिक्षण नागपूरला झाले. १९५० मध्ये त्यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून बोस यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली व पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख झाले. लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलर यांचे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचे अनुमान बोस, श्रीखंडे व पार्कर या तिघांनी १९५९ मध्ये खोटे ठरविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी बोस व श्रीखंडे यांनी लिहिलेला एक छोटा निबंध त्या मानाने दुर्लक्षित राहिला. कोणत्याही दोन ओळी अर्ध्या जागी जुळणाऱ्या व अर्ध्या जागी विरुद्ध असणाऱ्या आदामार सारण्या, वर सांगितलेल्या प्रकारच्या गटरचना आणि एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर असलेले द्विमान संकेत ही एकाच वस्तूची रूपे आहेत, असे त्यांनी त्यात दाखविले. १,०२३ स्पंदिकांची मालिका व तिच्या सरकविलेल्या प्रती एकाखाली एक लिहून वर व कडेला धन चिन्हांची एकेक ओळ जोडली, की १,०२४ ओळींची आदामार सारणी तयार होते. श्रीखंडे यांचा उपग्रहांशी प्रत्यक्ष संबंध आला नाही, तरी उपग्रहाची संकेतमाला ज्या कुळातील आहे त्या कुळाची ओळख पटविणाऱ्यांत त्यांची गणना करणे न्याय्य होईल.

एकच मालिका उत्तम असून भागत नाही. आकाशातील प्रत्येक उपग्रहास वेगळी मालिका लागते. रशियाच्या ‘ग्लोनास’ पद्धतीत (पहिला उपग्रह १९८२) सर्व उपग्रहांस ५११ स्पंदिकांची एकच मालिका देऊन त्यांच्या कंप्रता वेगळ्या ठेवण्यात आल्या. अमेरिकेने कंप्रता एक ठेवून मालिका वेगळ्या केल्या. त्यासाठी उपयोगी पडले ते रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन. दोन योग्य नोंदकांच्या मालिका निरनिराळ्या अंतरांनी सरकवून एकमेकींत मिसळल्या, तर मूळच्या दोन धरून एकूण १,०२५ मालिकांचे कुटुंब तयार होते. या कुटुंबातील कोणत्याही दोघींचा चुकीचा सांधा ६३, −१ किंवा −६५ या तीन किमतींखेरीज दुसरी किंमत घेत नाही. म्हणजे खोटे साम्य खऱ्याच्या सुमारे सोळाव्या हिश्श्यापलीकडे कधीच जात नाही. गोल्ड यांच्या मालिका स्वसाम्याच्या बाबतीत मूळ मालिकांपेक्षा उण्या आहेत. तथापि वाईटात वाईट काय होईल याची हमी त्या देतात, आणि अभियंत्यास अशी हमी अधिक मोलाची वाटते.

‘जीपीएस’ या अमेरिकी पद्धतीची रूपरेषा १९७३ मध्ये ठरली व तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. तिच्यात दोन संकेतमाला होत्या. लष्करी उपयोगाची मालिका प्रत्येक उपग्रहासाठी एका आठवड्याची, सुमारे ६ लक्ष १८ हजार कोटी स्पंदिकांची होती. एवढ्या लांब मालिकेत आपण कोठे आहोत हे थेट शोधणे त्या काळच्या ग्राहीच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून तिच्या दाराशी नेणारी, १,०२३ स्पंदिकांची व एका मिलिसेकंदात संपणारी आखूड मालिका जोडण्यात आली. ती केवळ उंबरठा म्हणून योजलेली होती. पण तिने मिळणारी अचूकता अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगली निघाली. तेव्हा अमेरिकेने १९९० मध्ये नागरी संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळण्यास प्रारंभ केला. मे २००० मध्ये ती काढून टाकण्यात आली. नागरी जगाने उंबरठ्यावरच घर बांधले, असे या मालिकेविषयी म्हणता येईल.

आखूडपणाची किंमतही समजून घेतली पाहिजे. एका मिलिसेकंदात रेडिओ तरंग सु. ३०० किमी. जातो. त्यामुळे नुसत्या मालिकेवरून अंतर काढले, तर त्यात तीनशे किलोमीटरांच्या किती घड्या आहेत हे कळत नाही. केवळ मिनिटकाटा असलेल्या घड्याळासारखीच ही स्थिती होय. तासकाट्याचे काम मालिकेवर चढविलेला, उपग्रहाची वेळ सांगणारा संदेश करतो. दुसरे असे की १,०२३ स्पंदिका मिलिसेकंदात बसविल्या, म्हणजे एका स्पंदिकेची लांबी सु. २९३ मी. होते. ग्राही तिचा शंभरावा हिस्सा ओळखू शकला तरी अनिश्चितता ३ मी. उरते. पत्र्याच्या छपरावरून किंवा भिंतीवरून परावर्तित झालेली लहर काही मीटरांच्या उशिराने आली, तर इतक्या रुंद स्पंदिकेत ती मूळ लहरीपासून वेगळी काढता येत नाही.

भारताच्या स्वतंत्र प्रादेशिक पद्धतीस केंद्र शासनाने २००६ मध्ये मंजुरी दिली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी, तर मूळ योजनेतील सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला व त्या वेळी तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. तीन भूस्थिर व चार तिरप्या भूसमकालिक कक्षांतील उपग्रह अशी ही रचना असल्याने महाराष्ट्रातून ते आकाशात बरेच उंच दिसतात. एल-५ पट्ट्यात ११७६·४५ व एस पट्ट्यात २४९२·०२८ मेगॅहर्ट्‌झ या तिच्या कंप्रता असून नागरी सेवेसाठी १,०२३ स्पंदिकांच्या गोल्ड मालिकाच घेण्यात आल्या. जीपीएसच्या आखूड मालिका ज्या दोन बहुपदींवरून निघतात त्याच येथेही वापरल्या आहेत. नोंदकातील आरंभीचे अंक तेवढे भारतीय उपग्रहांसाठी वेगळे निवडले. ही निवड सावध होती. जगभर पारखलेली मालिका घेतल्याने ग्राही बनविणे सुलभ झाले. उलट, त्याच एल-५ पट्ट्यात अमेरिकेने १०,२३० स्पंदिकांची, दहापट जलद मालिका योजली असून तिची स्पंदिका अवघी सु. २९ मी. लांब आहे. भारताने मिळू शकणारी ही धार सोडून दिली, असा आक्षेप त्यामुळे घेता येतो आणि तो निराधार नाही.

पुढे संकटे आली ती मात्र संकेतमालेमुळे नव्हे. पहिल्या उपग्रहावरील परदेशी बनावटीची रुबिडियम घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठविलेला उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी अग्निबाणाचे उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. ठोका चुकला तर उत्तमातील उत्तम मालिकाही निरुपयोगी ठरते, याचा हा प्रत्यय होता. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर भारतात बनविलेले रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. त्याच उपग्रहाने १५७५·४२ मेगॅहर्ट्‌झवरील नवा नागरी संकेतही आणला. या संकेताची १०,२३० स्पंदिकांची, दहा मिलिसेकंदांची मालिका जुन्या गोल्ड कुटुंबातील नाही. शून्य, एक, दोन व तीन अशा चार अंकांच्या गणितावर ती आधारलेली असून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. विजय कुमार व भारतीय अवकाश संशोधन संघटनेतील अभियंते यांच्या सहकार्यातून ती सिद्ध झाली. चार अंकांच्या या गणिताचे सामर्थ्य दाखविणाऱ्या १९९४ मधील प्रसिद्ध निबंधाच्या लेखकांत विजय कुमार हे एक होते. गॅलिलिओ या यूरोपीय पद्धतीच्या काही मालिका संगणकाने शोधून काढलेल्या असल्याने त्या स्मृतीत साठवून ठेवाव्या लागतात. भारतीय मालिका काही नोंदकांपासून जागच्या जागी निर्माण करता येते. लहान व स्वस्त ग्राहीस हे सोयीचे आहे.

संकेत खंडित स्पंदांच्या रूपात पाठविण्याची जुनी कल्पना उपग्रहयुगात एका वेगळ्या कारणासाठी पुन्हा पुढे आली. दऱ्या, खाणी, बंदरे अशा ठिकाणी उपग्रह पुरेसे दिसत नाहीत, म्हणून जमिनीवरच उपग्रहासारखा संकेत देणारे प्रेषक बसविण्यात येतात. असा प्रेषक दूरच्या ग्राहीस कळेल इतक्या जोराने बोलू लागला, तर जवळच्या ग्राहीस उपग्रह ऐकूच येत नाहीत. गोल्ड मालिकेची सोळाव्या हिश्श्याची हमी येथे अपुरी पडते. यावर १९८०-९० या दशकात सुचविलेला उपाय असा की प्रेषकाने प्रत्येक मिलिसेकंदाच्या केवळ अकराव्या हिश्श्यातच, म्हणजे ९३ स्पंदिकांपुरतेच बोलावे व बाकीचा वेळ गप्प बसावे. पुढील खेपांस मालिकेतील दुसरे तुकडे घेत गेल्यास अकरा तुकड्यांत सबंध १,०२३ स्पंदिका पुऱ्या होतात आणि उपग्रहांचा वेळ फक्त एक-दशांशाच्या आसपास बुडतो. उलट दिशेचा त्रासही संभवतो. शिरूरच्या वायव्येस जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या उच्च कंप्रता पट्ट्यात उपग्रहांचे एल-५ संकेत येतात आणि ज्योतिषशास्त्रज्ञांना ते उपद्रव म्हणून गाळून टाकावे लागतात. त्याच ज्योतिषशास्त्रज्ञांची कालमापने मात्र उपग्रहांनी पुरविलेल्या वेळेशी जुळवून घेतलेली असतात.

शिरूर-दौंडच्या शेतात मोजणीसाठी उभा केलेला उपग्रहीय ग्राही (रोव्हर) सेंटिमीटरांची अचूकता गाठतो ती नुसत्या संकेतमालेच्या बळावर नव्हे. मालिकेने उपग्रह ओळखावयाचा, लहर गोंगाटातून वर काढावयाची आणि स्थान काही मीटरांत आणावयाचे. नंतरचे काम वाहक तरंगाच्या कलेवरून होते. एल-५ वरील तरंगाची लांबी २५·५ सेंमी. असल्याने तिच्या अंशावरून मिलिमीटरांपर्यंत फरक कळतो. त्यासाठी अचूक स्थान ठाऊक असलेल्या स्थिर केंद्राकडून दुरुस्त्या मिळाव्या लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशा अखंड चालणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आहे. दौंडशेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी करण्याचा प्रयोग झाला व त्याच धर्तीवर पुढे इतरत्र कामे हाती घेण्यात आली. लोहमार्गावर मात्र मालिकेची मर्यादा उघडी पडते. दौंड हे मनमाड व सोलापूरकडे फाटे फुटणारे जंक्शन आहे. शेजारशेजारचे रूळ चार-पाच मीटरांवर असल्याने गाडी कोणत्या स्थानकाजवळ आहे हे आखूड मालिका खात्रीने सांगते. ती कोणत्या रुळावर उभी आहे हे तशाच खात्रीने सांगता येत नाही.

शेतातील अडचण निराळी आहे. जुनी टिपणे आण्याच्या, म्हणजे सुमारे दोन फुटांच्या बारकाव्याची. नवे सहनिर्देशक दोन-तीन सेंटिमीटरांचे. दोन्ही ताडून पाहिले असता पिढ्यान्‌पिढ्या मान्य असलेला बांध कागदावर हातभर सरकलेला दिसतो आणि एका बाजूच्या शेतकऱ्यास जमीन गेल्याचा, तर दुसऱ्यास मिळाल्याचा भास होतो. भीमेच्या काठी पुरात हद्दीचे दगड वाहून गेलेल्या क्षेत्रात तर ताडून पाहण्यास जागेवर खूणही नसते. अशा वेळी भूमापक प्रथम गटाच्या वादातीत खुणा शोधतो, त्यांचे सहनिर्देशक घेतो, जुना नकाशा त्यांवर बसवितो आणि मगच वादाच्या बांधाकडे वळतो.